दोन "बहिणी" आणल्या आणि पिल्लं झाली: पाळीव उंदरांचा छोटा गट कसा ठेवायचा

(प्रश्नोत्तरांच्या भागाचं शब्दांकन. "अं", "म्हणजे" आणि पाठीमागचा पावसाचा आवाज काढून टाकलाय.)

आज एकच प्रश्न घेतोय, कारण तो तातडीचा आहे. रोह्याहून एका दादांचा व्हॉइस मेसेज आलाय. मुलीच्या हट्टापायी त्यांनी दोन पांढरे उंदीर आणले. दुकानात सांगितलं, दोन्ही माद्या आहेत, बहिणी आहेत. परवा पिंजऱ्यात आठ पिल्लं दिसली. आता काय करू?

दादा, हा भाग इथेच पॉज करा आणि आधी नर वेगळ्या पिंजऱ्यात काढा. उंदराची मादी व्याल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते. म्हणजे दुसरं वेत बहुतेक ठरलेलं आहे, पण निदान तिसरं तरी थांबेल.

आधी गणित

गाभण काळ १९ ते २१ दिवस. एका वेतात साधारण सहा ते दहा पिल्लं. आणि पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की ते स्वतः प्रजननाला तयार. आपण आठ पिल्लं धरू, त्यात चार माद्या. तीन महिन्यांत पहिल्या जोडीची तीन वेतं झाली, तर २४. पहिल्या वेतातल्या चार माद्यांचं प्रत्येकी एक वेत, म्हणजे आणखी ३२. मूळची जोडी धरून ५८! आमच्या भाषेत याला एक्झिट कंडिशन नसलेलं रिकर्शन म्हणतात. ती कंडिशन आपणच लिहायची असते, आणि ती म्हणजे नर-मादी ओळखणं.

ओळखायचं कसं? शेपटी मुळाशी हलकेच धरून मागची बाजू बघा. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर नरात मादीच्या जवळपास दुप्पट असतं. एकटं पिल्लू बघून फसायला होतं, म्हणून दोन-तीन शेजारी शेजारी धरून तुलना करा. माद्यांना स्तनाग्रंही दिसतात, नरांना नाही.

मग एकच ठेवू का?

मी पेणचा. त्यामुळे उंदीर पहिल्यांदा नीट पाहिला तो गणपतीच्या कारखान्यात, मूर्तीच्या पायाशी मोदक धरून एकटाच बसलेला. खरी उंदरीण अशी एकटी खूश नसते. तिला अंगाला अंग लावून झोपायला, एकमेकींचे केस साफ करायला कोणीतरी लागतं.

सगळ्यात सोपा गट म्हणजे तीन ते पाच माद्या. दोन का नाही? उंदराचं आयुष्य दीड-दोन वर्षांचं. दोघींतली एक गेली की दुसरी एकटी उरते. तिघी असल्या तर जोडी तरी राहते.

नरांचं वेगळं आहे. मोठे नर हद्दीवरून भांडतात, आणि चावे बहुधा पाठीवर, शेपटीजवळ असतात. एकाच वेतातले भाऊ लहानपणापासून एकत्र असले तर कधी कधी जमतं, पण खात्री नाही. रक्त दिसलं की वेगळे करायचे, "मिटेल आपोआप" म्हणत थांबायचं नाही. एकटा ठेवलेला नर असेल तर त्याला भरपूर कागद, लपायला जागा आणि रोज तुमचा वेळ द्या.

जास्त स्वच्छतेचा घोटाळा

ही चूक मी स्वतः केलीय. रविवारी पिंजरा अगदी घासूनपुसून लख्ख केला, आणि संध्याकाळी शांत असलेल्या दोन भावांत मारामारी! उंदरांची ओळख वासावर चालते. आपण सगळा वास पुसला की "इथे कोण कोण राहतं" हेच पुसलं जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात नरांवर याचा अभ्यास झाला होता. घरट्याचं जुनं साहित्य नव्या पिंजऱ्यात टाकलं तर भांडणं कमी झाली, पण लघवीने भिजलेला भुसा टाकला तर उलट वाढली. म्हणून ओला भुसा सगळा काढा, पण घरट्यातला कोरडा कागद मूठभर परत ठेवा.

नवी मादी आणली तर तिला थेट पिंजऱ्यात सोडू नका. कोणाचाच वास नसलेल्या मोठ्या टबात सगळ्यांना अर्धा तास एकत्र ठेवा. थोडा पाठलाग, चिरचिर चालेल. मग पिंजऱ्यातल्या वस्तूंच्या जागा बदलून सगळ्यांना एकदम आत सोडा. लपायच्या जागा दोन-तीन हव्यात, आणि प्रत्येकीला दोन दारं, म्हणजे कोणी कोंडीत सापडत नाही.

आपल्याकडचा पाऊस

पेण-रोहा म्हणजे भाताचा पट्टा, त्यामुळे गिरणीवरचं तूस अंथरायचा मोह होतो. नको. त्यावर रानटी उंदीर फिरून लघवी करून गेलेले असतात, आणि पावसाळ्यात लेप्टोची भीती आपल्याला नवी नाही. कोरा कागद फाडून घाला. दमट हवेत अंथरूण लवकर ओलं होतं, अमोनियाचा वास साठतो आणि उंदरांची छाती बिघडते. श्वास घेताना टिकटिक आवाज आला, अंगावरचे केस फुलवून एखादी कोपऱ्यात बसली, तर लहान प्राणी बघणारे डॉक्टर गाठा. ते सगळीकडे नसतात, तेव्हा आजारपणाआधीच शोधून ठेवा.

तर दादा, तुमच्यासाठी

पिल्लं आईजवळ राहू द्या. पहिले काही दिवस हात कमीत कमी लावा. तीन आठवड्यांनी ती दूध सोडतील. चौथा आठवडा संपायच्या आत सगळे नर वेगळे झालेच पाहिजेत, कॅलेंडरवर आजच खूण करा. आईसोबत दोन-तीन लेकी ठेवा, गट आपोआप तयार! बाकीच्यांसाठी घरं आत्तापासून शोधा. शेतात सोडायचा विचार मात्र करू नका. पांढरा, माणसाळलेला उंदीर तिथे साप-मांजरांपुढे फार टिकत नाही. आणि नर-मादी बघायचं काम मुलीला सोबत घेऊन करा. हट्ट तिचा होता, तर गणितही तिला कळू दे.

आठ पिल्लांचं पुढे काय झालं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!