हवेत उभ्या राहणाऱ्या विमानाचे सुकाणू

गोव्यातील दाबोळी येथील 'हंसा' या नौदलाच्या विमानतळावर डिसेंबर १९८३ मध्ये 'सी हॅरियर' विमाने दाखल झाली आणि मे २०१६ मध्ये ती सेवेतून निवृत्त करण्यात आली. धावपट्टीवर न धावता जागच्या जागी उतरणारे हे विमान पाहणारास नवल वाटे. परंतु खरे नवल, उतरताना ते कलंडत कसे नाही, हे होय.

सर्वसाधारण विमान तोल सावरते ते वाहत्या हवेच्या आधारे. पंखांवरील व शेपटीवरील हलत्या पट्ट्यांवर वेगाने हवा आदळते, म्हणून विमान वळते. वेग शून्यावर आला की थांबलेल्या नावेच्या सुकाणूप्रमाणे या पट्ट्या निरुपयोगी ठरतात. हॅरियरच्या 'पेगासस' इंजिनाचे झोत चार तोट्यांतून खाली वळवून विमान अधांतरी तोलून धरता येते; पण ते स्थिर राहण्यास तेवढे पुरत नाही. म्हणून इंजिनात दाबलेली थोडी हवा काढून घेऊन ती नाक, शेपूट आणि पंखांची टोके येथील लहान झडपांतून सोडण्याची योजना करण्यात आली. वैमानिकाने नेहमीचाच दांडा हलवावा आणि या फुंकरींनी विमान सावरावे! अर्थात, त्यापायी इंजिनाचा जोर काहीसा घटतो.

२१ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधील डन्सफोल्ड येथे मूळ नमुना प्रथम अधांतरी उचलला गेला, तेव्हा तो जमिनीस बांधून ठेवलेला होता. वैमानिक बिल बेडफर्ड यांचा पायही त्या वेळी प्लॅस्टरमध्ये होता!

मंद वेगात वारा बाजूने लागला, तर मात्र विमान क्षणात उलटण्याचा धोका असे. यासाठी वैमानिकाच्या काचेपुढे एक साधा वातदर्शक बसविलेला असे. त्यावर नजर ठेवून नाक वाऱ्याकडे राखावयाचे. त्यातच उजव्या हाती दांडा, तर डाव्या हाती इंजिनाची व तोट्यांची अशा दोन तरफा. घाईत चुकीची तरफ ओढली गेल्यास गाठ प्राणाशी होती.

हा भार संगणकावर सोपविण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये एका हॅरियरवरच वर्षानुवर्षे करण्यात आले. २००५ मध्ये हे विमान युद्धनौकेवर आपोआप उतरले. त्यातूनच अमेरिकेच्या 'एफ-३५ बी' विमानाची नियंत्रणपद्धती आकारास आली. यात उजवा दांडा वर-खाली जाण्यासाठी, तर डावी तरफ पुढे-मागे सरकण्यासाठी वापरतात. झोत किती व कोठे वळवावा, हे संगणक ठरवितो. वैमानिकाने दोन्ही हात काढून घेतले, तरी विमान हवेत जागच्या जागी उभे राहते.