फरचा पोशाख : हौस करा, पण जपून

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की कापडाच्या दुकानात एका कापडाला एकदम मागणी येते. ते म्हणजे मऊ, केसाळ असे 'फर'चे कापड. कुणाच्या मुलाला अस्वल व्हायचे असते, कुणाला सिंह, तर कुणाला ससा. उरलेल्या तुकड्यांतून आई-ताई बाहुल्या, टोप्या, पर्सेस करतात. हौस चांगलीच आहे. मात्र या कापडाचे काही गुणधर्म पालकांना आणि शिक्षकांना माहीत असायला हवेत.

हे फर कोणत्याही प्राण्याचे नसते. विणलेल्या पायावर कृत्रिम धाग्यांचे उभे केस बसवून ते तयार करतात. हे धागे बहुधा ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे असतात. तिन्ही हाताला सारखेच मऊ लागतात, पण विस्तवाजवळ त्यांचे वागणे सारखे नसते.

आगीचा धोका

सरपणाचा ओंडका सहज पेटत नाही, पण त्याच्याच ढलप्या चटकन पेटतात. कारण त्यांना चहूबाजूंनी हवा मिळते. फरच्या कापडाचेही तसेच आहे. प्रत्येक केस बारीक आणि दोन केसांच्या मध्ये हवा. त्यामुळे ज्योत केसांवरून झपाट्याने पसरू शकते.

अमेरिकेला हा धडा फार महागात पडला. तेथे १९४० च्या दशकात लहान मुलांसाठी गुराख्याचे पोशाख लोकप्रिय होते. त्यांतील पायांवरची केसाळ आवरणे रेयॉनची असत. ठिणगी पडताच ती भडकत. अनेक मुले भाजली, काही दगावली. पुढे केसाळ रेयॉनच्या स्वेटरांनीही असेच अपघात झाले. अखेर १९५३ मध्ये तेथे ज्वालाग्राही कापडांविरुद्ध कायदा करावा लागला.

आजच्या कापडांपैकी मोडॲक्रिलिक सहजासहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा विझते. साधे ॲक्रिलिक मात्र चांगलेच पेटते. शिवाय ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर जळताना वितळतात. तो तापलेला चिकट रस कातडीला चिकटला तर जखम खोलवर जाते. आपल्याकडे सुटे कापड घेताना त्यावर धाग्याचे नाव क्वचितच असते. म्हणून प्रत्येक फर पेट घेणारे आहे असे समजूनच वागावे.

फरचा पोशाख घातलेले मूल समई, निरांजन, उदबत्ती, फुलबाजी आणि गॅसची शेगडी यांपासून दूर ठेवावे. त्याच्या हाती आरतीचे तबक देऊ नये. वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवण्यापूर्वी पोशाख उतरवावा. दाढीमिशा चिकटवण्याचा स्पिरिटगमही ज्वालाग्राही असतो. तो लावताना जवळपास विस्तव नसावा. पोशाखाला लांब शेपटी किंवा घोळदार बाह्या ठेवू नयेत, आणि आत अंगभर सुती कपडे घालावेत.

उकाडा

घाम वाळला तरच अंग थंड होते. फरच्या पोशाखात हवा कोंडते आणि घाम वाळत नाही. त्यातून वर रंगमंचाचे दिवे! प्रवेश येईपर्यंत मूल तासभर पोशाखात ताटकळत बसले तर डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे असे त्रास होतात. अशा वेळी पोशाख काढून मुलाला सावलीत निजवावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा. शुद्धीवर असल्यास घोटघोट पाणी द्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध झाले तर तडक दवाखाना गाठावा. मुळात मुखवटा शेवटच्या क्षणी चढवणे आणि त्याला नाकातोंडाशी मोठी भोके ठेवणे हाच सोपा उपाय.

दमा आणि खाज

गेल्या वर्षीचा पोशाख ट्रंकेतून काढून तसाच घातला की दम्याच्या मुलाला शिंका, खोकला, धाप सुरू होऊ शकते. दोष फरपेक्षा त्यातल्या धुळीचा असतो. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात आणि आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. त्यांची विष्ठा हे ॲलर्जीचे मोठे कारण आहे. कढत पाण्याने किडे मरतात, पण फरही गुंतते. त्याऐवजी लहान वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवावी, मग कोमट पाण्यात धुवावी. थंडीने किडे मरतात आणि धुण्याने त्यांची घाण जाते. मोठा पोशाख धुऊन, झटकून पूर्ण वाळवावा.

कापड बेततानाही केस उडतात. म्हणून कात्रीने केस न कापता, कापड उलटे करून फक्त पाया ब्लेडने कापावा. काम हवेशीर जागी, नाकाला रुमाल बांधून करावे. खेळण्यांना मण्यांचे किंवा बटणांचे डोळे लावू नयेत. तान्ही मुले ते ओढून गिळतात. दोऱ्याने विणलेले डोळे उत्तम.

कपडा पेटलाच तर

मुलाला पळू देऊ नका. पळण्याने ज्वाळा वाढतात. त्याला जमिनीवर आडवे करून लोळवा किंवा जाड सुती चादर अथवा घोंगडी लपेटून आग विझवा. मग भाजलेल्या भागावर किमान २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. सुटे कपडे काढा, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. स्वच्छ फडक्याने झाकून मुलाला रुग्णालयात न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

रंगमंचावरचे अस्वल नाचून झाले की हसत आईच्या कुशीत यावे, एवढ्यासाठीच ही दक्षता. संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे पाण्याच्या दोन बादल्या आणि एक घोंगडी ठेवायला खर्च काहीच येत नाही.