नागाचें विष आणि मज्जातंतूचा सांधा

सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याचें नांव निघालें कीं नागपंचमी आठवते. नाग आणि मण्यार यांच्या विषाचा बाण शरीरांत नेमका कोठें लागतो? जेथें मज्जातंतु स्नायूला भेटतो त्या सांध्यावर. अशा सांध्याला ‘सिनॅप्स’ हें नांव १८९७ सालीं मिळालें.

सांधा म्हटला तरी तेथें दोन टोकें चिकटलेलीं नसतात. मध्यें फट असते. ती मिलिमीटरच्या सुमारें वीस हजाराव्या भागाएवढी. १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें ती दाखविली आणि तंतूच्या टोकांत असंख्य चिमुकल्या पिशव्याही दिसल्या. त्याच सुमारास लंडन येथें बर्नार्ड कॅट्झ यांनीं विजेच्या लहरी मोजून अनुमान काढलें होतें कीं, तंतु अ‍ॅसिटिलकोलीन हें आपलें रसायन ठराविक मापानें, जणूं पायलीनें, ओततो. पिशवी हेंच तें माप ठरलें.

पलीकडच्या कांठावर हें रसायन झेलणारे ग्राहक-रेणु असतात. ते मोजावे कसे? १९६३ मध्यें तैवानांत चांग व ली यांनीं तेथील मण्यारीच्या विषांतून एक द्रव्य वेगळें केलें. तें नेमकें या ग्राहकांनाच घट्ट चिकटतें. पुढें त्यास किरणोत्सर्गी आयोडिनाची खूण जोडून गणती झाली: स्नायूच्या घड्यांच्या माथ्यावर एका चौरस मायक्रोमीटरांत सुमारें १०,००० ग्राहक! असे आंकडे घालून आतां संगणकांत त्या फटीची प्रतिकृति उभारतात व एकेका रेणूचा प्रवास पाहतात.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? नागाचें विष हेच ग्राहक अडवून बसतें. पापण्या मिटूं लागतात, घोट गिळवत नाहीं, आणि शेवटीं मनुष्य शुद्धीवर असतांही श्वासाचे स्नायु हलत नाहींत. निओस्टिग्मीन हें औषध अ‍ॅसिटिलकोलीन लवकर नष्ट होऊं देत नाहीं. म्हणून ग्राहकांसाठींच्या चढाओढींत विष मागें हटूं शकतें. आपल्याकडील मण्यारीच्या विषांत मात्र तंतूचें टोकच मोडणारें द्रव्य असतें. तेथें या औषधाचा फारसा उपयोग होत नाहीं. तें टोक सुधारेपर्यंत कित्येक दिवस यंत्रानें श्वास चालवावा लागतो.

प्रतिविष रक्तांतील विषाला गांठतें. एकदां मोडलेलें टोक तें सांधूं शकत नाहीं. म्हणून दंश झालेल्यास मांत्रिकाच्या दारीं न नेतां तडक रुग्णालयांत न्यावें. तेथें प्रतिविष आणि श्वासाचा आधार वेळेवर मिळाला, तर निपचित पडलेला मनुष्यही उठून घरीं येतो.