पथ्य आणि पिझ्झा

घरातल्या चौघांनी एका खोक्याभोवती बसावे आणि पाचव्याने आपल्या ताटातल्या मऊ भाताकडे पाहत त्यांच्या आनंदात सहभागी झाल्याचे सोंग आणावे, याहून केविलवाणा प्रसंग क्वचितच असेल. जबलपूरच्या आमच्या घरी हा पाचवा माणूस मी होतो. धाकट्या मुलीचा वाढदिवस जवळ आला होता आणि तिचा हट्ट होता पिझ्झ्याचा. डॉक्टरांनी मला नुकतेच पथ्य सांगितलेले. “बाबा खाणार नसतील तर मागवूच नका,” असे ती म्हणाली, तेव्हा हे पथ्य केवळ माझ्या पोटापुरते उरलेले नाही, हे माझ्या ध्यानात आले.

पोट फुगणे, मुरडा येणे, शौचाचे वेळापत्रक बिघडणे, आणि तपासण्यांत मात्र काहीच न सापडणे, अशा विकाराला आयबीएस म्हणतात. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात, या शतकाच्या पहिल्या दशकात, ‘लो फॉडमॅप’ नावाचा आहार सिद्ध झाला. त्याचे तत्त्व सोपे आहे. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोचल्या की तेथील जीवाणू त्यांना आंबवून वायू निर्माण करतात. हे थोड्याफार प्रमाणात सर्वांच्याच पोटात घडते. ज्याचे आतडे हळवे, त्याला ते सोसत नाही, इतकेच.

आता पिझ्झ्याकडे या दृष्टीने पाहावे. खाली गव्हाचा मैदा, त्यावर कांदा-लसणाचा टोमॅटो-रस, वर चीज, भूछत्रे आणि पुन्हा कांदा. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान नावाची शर्करा असते. भूछत्रांत मॅनिटॉल असते. चीजविषयी मात्र गैरसमज फार. दुधातली बरीचशी लॅक्टोज शर्करा चीज होताना पाण्याबरोबर निघून जाते. त्यामुळे मोझरेला बेताने घेतल्यास बहुतेकांना बाधत नाही. खरा अपराधी बहुधा लसूण असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

ही गोष्ट मी अनुभवाने शिकलो. प्रथम मी शहाणपणाने कांद्याचे तुकडे वेचून बाजूला सारले आणि दोन तुकडे खाल्ले. रात्र येरझाऱ्या घालण्यात गेली. कारण पुढे उमगले. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. रश्शात शिजलेला कांदा काढून टाकला, तरी त्याचा अंश रश्शातच राहतो. याउलट, तेलात लसणाच्या पाकळ्या परतून त्या सगळ्या काढून टाकल्या, तर त्या तेलाला स्वाद येतो, पण फ्रुक्टान येत नाही.

तेव्हा प्रश्न उरला तो कांदा-लसणाविना रस मिळवण्याचा. आणि तो आमच्या गावानेच सोडवला. नागपूरच्या रस्त्यावर, वैद्यकीय महाविद्यालयाजवळ, पिसनहारीची मढिया हे जैनांचे तीर्थ आहे. जात्यावर दळण दळून पोट भरणाऱ्या एका बाईने गाठीच्या पैशातून ते उभारले, अशी आख्यायिका आहे. अशा या नगरीत जैन समाज मोठा. म्हणून ‘जैन पिझ्झा’ हे शब्द दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाहीत. कांदेनवमीला कांद्याचा निरोप घेऊन चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला तरी यात नवल कसले? जैनांचे व्रत माझ्या अक्षरशः पथ्यावर पडले.

तरीही एवढ्यावर विसंबू नये. फोनवर तीन गोष्टी विचाराव्या. जैन पिझ्झ्याचा रस वेगळा करता, की नेहमीच्याच रसावर केवळ कांदा घालत नाही? वर भूछत्रे नकोत. ढोबळी मिरची, टोमॅटो, ऑलिव्ह बेताने चालतील का? आणि तळ पातळ मिळेल का? सोबतच्या मसाल्याच्या पुडीत लसणाची पूड असू शकते. घटक वाचूनच ती उघडावी. देशात 2020 साली झालेल्या नियमांनुसार दहा वा अधिक शाखा असलेल्या भोजनगृहांनी ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावयाची असते. परंतु त्या यादीत गहू आणि दूध आहेत, कांदा-लसूण नाहीत. म्हणून आपले तोंड आपणच उघडले पाहिजे. सरकारी नोकरीत अर्धवट प्रश्नाला अर्धवट उत्तर येते, हे मी नित्य पाहतो. दुकानातही न्याय तोच.

राहिला मैदा. हे पथ्य जन्माचे नव्हे. दोन ते सहा आठवडे कडक पाळावयाचे, मग एकेक पदार्थ परत घेऊन पाहावयाचा, आणि जे सोसते ते आहारात ठेवावयाचे. कडक आठवड्यांत मी घरीच ज्वारीच्या भाकरीवर टोमॅटो व चीज घालून शेकले आणि हिंगाची फोडणी दिली. हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेवढे मात्र पाहून घ्यावे. पुढे परीक्षेअंती कळले, की थोडा गहू मला सोसतो, लसूण सोसत नाही. दुसऱ्याचा निष्कर्ष अगदी उलटा निघू शकेल. ज्यांना सीलिॲकचा विकार आहे, त्यांना मात्र गव्हाचा कणही वर्ज्य. आणि त्याची तपासणी गहू सोडण्यापूर्वीच करावी लागते, नाहीतर विकार असूनही ती फसते. वजन घटत असेल वा शौचातून रक्त जात असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

वाढदिवसाला अखेर दोन खोकी आली; एक मुलांचे, एक जैन. मी पातळ तळाचे दोन तुकडे खाल्ले आणि थांबलो. रात्री झोप लागली. सकाळी उरलेल्या तुकड्यांचा शोध घेतला, तर माझेच खोके रिकामे होते. “तुमचाच जास्त छान होता, बाबा,” असे मुलीने सांगितले.