छिन्नमनस्कता आणि रक्तातील दाह

तापाने फणफणलेल्या मुलाचे रक्त तपासावयास आपण संकोच करीत नाही. परंतु हाच मुलगा एकटा बोलू लागला, कानांत आवाज येतात म्हणू लागला, घरच्यांवरच संशय घेऊ लागला, की आधी दार लोटले जाते, मग देवऋषी येतो, आणि पुसदहून नागपूरच्या तज्ज्ञाकडे जावयाचे सुचते ते फार उशिरा. ‘देवराई’ (२००४) चित्रपटातील शेष ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा विकार ठाऊक आहे. अशा रोग्याच्या रक्तातही काही सापडते म्हटल्यावर कुटुंबाला धीर येतो. हे सोंग नव्हे, एवढे तरी ठरले असे वाटते. म्हणून काय सापडते ते नीट पाहू.

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हाच दाह. अशा वेळी पेशी काही निरोप्या प्रथिने रक्तात सोडतात. इंटरल्यूकिन-६ हे त्यांपैकी एक. त्याचा निरोप मिळताच यकृत सी.आर.पी. नावाचे दुसरे प्रथिन भराभर तयार करते. न्यूमोनियाच्या रोग्यांत ते १९३० साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळले.

छिन्नमनस्कतेच्या रोग्यांत ही दोन्ही द्रव्ये सरासरीने काहीशी अधिक भरतात. २०११ साली अनेक पाहण्यांचे एकत्र गणित मांडले गेले. विकाराच्या पहिल्या झटक्यातही इंटरल्यूकिन-६ चढलेले दिसले आणि उपचारांनंतर ते उतरले. ब्रिटनमध्ये तर नऊ वर्षांच्या निरोगी मुलांचे रक्त तपासून ठेवले होते. ज्यांच्यात हे द्रव्य जास्त, त्यांना अठराव्या वर्षी भासभ्रमांचे अनुभव अधिक आले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. दाह आधी की विकार आधी, ह्या वादात हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

पण सरासरी निराळी आणि आपल्या घरातला रोगी निराळा. सी.आर.पी. हिरड्या सुजल्याने वाढते, विडीने वाढते, लठ्ठपणानेही वाढते. आणि ह्या रोग्यांत विडी-सिगारेट फार, शिवाय काही औषधांनी वजन चढते ते वेगळेच. उलट, कित्येक रोग्यांचे रक्त अगदी निर्दोष असते. इंटरल्यूकिन-६ चे काम अडविणारे औषध अमेरिकेत थोड्या रोग्यांना देऊन पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लाभ दिसला नाही. दाह खरोखर वाढलेला आहे असेच रोगी निवडून ही औषधे द्यावीत, असा विचार आता पुढे आला आहे.

तेव्हा अहवाल हाती घेऊन “सी.आर.पी. तर ठीक आहे, मग गोळ्या कशाला?” असे विचारणाऱ्या बापाला सांगावयाचे ते हेच, की त्या आकड्यावरून गोळ्या बंद करता येत नाहीत. त्याचा निर्णय डॉक्टर मुलाशी बोलून, घरच्यांना विचारूनच करतात.