स्वस्तातले ब्रेक पॅड घ्यावेत का?

मुलताईच्या पठारावरून पांढुर्ण्याकडे उतरताना गाडीचे ब्रेक खरे कामाला लागतात. हजार किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवायची, तर सुमारे 247 किलोज्यूल गतिज ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी 40ला ती फक्त चौथा हिस्सा असते, म्हणून गावातल्या गावात स्वस्त पॅडही उत्तम वाटतो. पॅडमधलं मिश्रण रेझिनने बांधलेलं असतं. हलकं रेझिन फार तापलं की वायू सोडतं, डिस्कवरची पकड सुटते आणि ब्रेक दाबूनही गाडी धावत राहते. उतारावर हे घडणं भयंकर आहे.

मात्र कंपनीच्या खोक्याबाहेरचं सगळंच वाईट नसतं. गाडीची कंपनी बरेच भाग स्वतः बनवत नाही. तिला माल पुरवणारे तोच भाग आपल्या नावाने कमी दरात विकतात. तो सौंसरच्या दुकानात मिळाला, तर मी बेधडक घ्यायला सांगेन. वायपर, एअर फिल्टर, आरसा यांत बचत करा. ऑइल फिल्टर जपून निवडा: आतली रबरी झडप निकृष्ट असेल, तर इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पहिले काही क्षण इंजिन कोरडं घासतं.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांत निनावी माल नकोच. पक्कं बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून ब्रेक पॅड घेऊ नका.