परिषदेतील वीस मिनिटे

साहित्य कसे शिकवावे याविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक अडचण मुळातच असते: ज्या घटनेबद्दल बोलायचे ती, म्हणजे वर्गात मुलांनी एखादी कविता वाचणे आणि वाचताना अडखळणे, सभागृहात आणून दाखवता येत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ दगडाचा नमुना बरोबर आणू शकतो. साहित्यशिक्षणाच्या अभ्यासकाजवळ बहुधा वर्गातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि त्यावरून उतरवलेले शब्दशः टिपण एवढेच असते, आणि या टिपणातून काय सिद्ध होते हाच अनेक सत्रांतील खरा प्रश्न असतो.

पूर्वतयारीची रीत आता बहुतेक ठिकाणी सारखीच झाली आहे. निबंधाचे सार सांगणारा गोषवारा आधी पाठवला जातो, परीक्षक लेखकाचे नाव न पाहता तो तपासतात, आणि स्वीकारलेले निबंध तीन-चारच्या गटाने एकेका सत्रात लावले जातात. वाचनाला साधारण २० मिनिटे आणि प्रश्नांना जेमतेम १० मिनिटे मिळतात. सत्राध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पुढे सरकवली की जो भाग घाईने गाळला जातो तो पुष्कळदा मुलांच्या बोलण्याचाच असतो, कारण सैद्धान्तिक चौकट वक्त्याने आरंभीच ऐसपैस मांडलेली असते. हा क्रम उलटा हवा, असे श्रोत्याला वाटल्यावाचून राहत नाही. याउलट एखादा वक्ता संभाषणाच्या दहा-बारा ओळींची प्रत श्रोत्यांच्या हाती देतो, तेव्हा शिक्षकाच्या एका प्रश्नानंतर वर्ग गप्प का झाला यावर निरनिराळ्या देशांतील शिक्षक वाद घालू लागतात, आणि त्या शांततेत एकाला विचार दिसतो तर दुसऱ्याला परीक्षेत चालणारे उत्तर शोधण्याची धडपड. अर्थ संहितेत आयता पडलेला नसून वाचक आणि संहिता यांच्या देवघेवीतून घडतो, ही अमेरिकी साहित्याभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांची भूमिका अशा वादांच्या मुळाशी असते. तिची बीजे त्यांच्या १९३८ च्या ‘लिटरेचर अ‍ॅज एक्स्प्लोरेशन’ या ग्रंथात आहेत.

१९६६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयात इंग्रजीच्या अध्यापनावर भरलेल्या ब्रिटिश-अमेरिकी परिषदेची घडण मात्र अशा वीस मिनिटांच्या सत्रांहून वेगळी होती. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्याने सुमारे ५० जण तीन आठवड्यांहून अधिक काळ एकत्र राहिले, त्यामुळे मतभेद मिटवण्याची किंवा टाळण्याची घाई कोणालाच नव्हती. अमेरिकी प्राध्यापक अल्बर्ट किट्झहेबर यांनी इंग्रजी हा विषय म्हणजे नेमके काय, असे विचारले. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ जेम्स ब्रिटन यांनी उत्तर देताना तो प्रश्नच फिरवला आणि विषयाची व्याख्या करण्यापेक्षा मुले भाषेचा उपयोग कशासाठी करतात ते पाहावे असे सुचवले. साहित्याला मिळणाऱ्या प्रतिसादाचा विचार करणाऱ्या अभ्यासगटात मानसशास्त्रज्ञ डी. डब्ल्यू. हार्डिंग होते, आणि तेथे प्रतिसाद या संज्ञेचा अर्थ वाचून झाल्यावर दिलेले मत इतका मर्यादित न ठेवता वाचकाने स्वतः घडवलेला अनुभव असा घेतला गेला. असा अर्थ एकदा स्वीकारला की शिक्षकाचे काम अर्थ सांगण्यापुरते उरत नाही, आणि मूल्यमापनाची नेहमीची पद्धतही अपुरी पडते.

या परिषदेचे दोन वृत्तान्त १९६७ मध्ये निघाले. हर्बर्ट म्युलर यांनी सामान्य वाचकांसाठी ‘द यूझेस ऑफ इंग्लिश’ लिहिले, तर लंडनमधील शाळेत शिकवलेल्या जॉन डिक्सन यांनी ‘ग्रोथ थ्रू इंग्लिश’मध्ये इंग्रजी शिकवण्याची तीन प्रारूपे मांडली: भाषिक कौशल्ये, सांस्कृतिक वारसा आणि व्यक्तीची वाढ. डिक्सन यांचा स्वतःचा कौल तिसऱ्या प्रारूपाला होता, त्यामुळे त्यांचे पुस्तक वृत्तान्त कमी आणि प्रतिपादन अधिक वाटते. शिक्षकांवर त्याचा प्रभाव पडला तो बहुधा याच कारणाने. पुढे १९७५ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच आपल्या मांडणीचा नव्या दशकाच्या संदर्भात फेरविचार केला.